दारात उभी राहिलेली दोन पोरं

इंग्लंडमधल्या प्रेस्टनला राहायला येऊन दोन-तीन महिने झाले असतील. संध्याकाळी बेल वाजली. दारात दोन पोरं. पांढरा शर्ट, टाय, गडद पँट, खिशावर काळी पट्टी. पावसाने खांदे भिजलेले. पट्टीवर 'एल्डर' आणि पुढे आडनाव. एल्डर म्हणजे खरं तर वडीलधारा, आणि ही तर जेमतेम एकोणीस वर्षांची! एक अमेरिकेतल्या आयडाहोच्या शेतकरी घरातला, दुसरा घानाचा. दोघं मॉर्मन पंथाचे मिशनरी, म्हणजे धर्मप्रचाराला निघालेले.

साताऱ्याहून आलेली माझी आई मागे येऊन उभी राहिली. "अरे, पोरं भिजलीत, आत घे." घेतली. तिने चहाचं आधण ठेवलं आणि पोरांनी हात जोडल्यासारखं करून सांगितलं की आम्ही चहा घेत नाही. आईचा चेहरा पडला. घरी आलेल्या माणसाने चहा नाकारणं म्हणजे काय, हे आपल्याकडे समजावून सांगावं लागत नाही.

तिथून मी त्यांच्याबद्दल विचारायला आणि वाचायला लागलो. मी त्यांच्या धर्माचा नाही, होणारही नाही, आणि हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. पण ही पोरं आठवडाभर करतात काय, हे कळल्यावर त्यांच्याकडे बघण्याची माझी नजर बदलली. म्हणून हे लिहितोय.

आधी मॉर्मन म्हणजे कोण, ते थोडक्यात. १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ नावाच्या तरुणाने एक नवा ख्रिस्ती पंथ सुरू केला. बायबलच्या जोडीला त्यांचा आणखी एक धर्मग्रंथ आहे, 'बुक ऑफ मॉर्मन'. त्यावरून लोक त्यांना मॉर्मन म्हणतात. चर्चचं पूर्ण नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. २०१८ पासून तेच वापरा असा त्यांच्या प्रमुखांचा आग्रह आहे, पण रस्त्यावर मॉर्मनच चालतं. मुख्यालय अमेरिकेतल्या युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीत. अनेक बायका करण्याची प्रथा त्यांच्यात एके काळी होती. १८९० मध्ये चर्चने ती बंद करायला घेतली. कृष्णवर्णीय पुरुषांना मात्र १९७८ पर्यंत पौरोहित्य मिळत नव्हतं. माझ्याकडे आलेला घानाचा मुलगा हा इतिहास जाणून होता. मी विचारलं तेव्हा त्याने टाळलं नाही. "हो, असं होतं," म्हणाला, आणि थोडा वेळ गप्प बसला.

आता मिशन. आपल्याकडे मिशनरी म्हटलं की झगा घातलेला, जन्मभर त्याच कामाला वाहिलेला पाद्री डोळ्यांसमोर येतो. इथे तसं नाही. ही कॉलेजच्या वयाची साधी पोरं. मुलगा असेल तर दोन वर्षं, मुलगी असेल तर दीड वर्ष, आणि मग परत घरी. मुलांना 'एल्डर' म्हणायचं, मुलींना 'सिस्टर'. २०१२ मध्ये निघण्याचं किमान वय मुलांसाठी १९ वरून १८ आणि मुलींसाठी २१ वरून १९ केलं (२०२५ मध्ये मुलींसाठीही ते १८ झालं), तेव्हापासून बारावी झाली की थेट मिशनवर जाणारी पोरं वाढली. २०२४ अखेर जगभर सुमारे ७४ हजार मिशनरी होते.

पगार नाही. उलट पैसे भरायचे. अमेरिकेतल्या मुलासाठी २०२० पासून महिना ५०० डॉलर, म्हणजे दोन वर्षांचे १२ हजार. बरीच पोरं लहानपणापासून गवत कापून, भांडी घासून हे पैसे साठवतात. कमी पडले तर आईवडील किंवा चर्चमधली माणसं भर घालतात. गरीब देशांतल्या मुलांना चर्चच्या निधीतून मदत मिळते. आणि कुठे जायचं ते स्वतः ठरवायचं नाही! अर्ज करायचा आणि वाट बघायची. पूर्वी पोस्टाने मोठा पांढरा लिफाफा यायचा, सगळं घर भोवती जमायचं आणि मुलगा तो फोडून वाचायचा. २०१८ पासून ते पत्र ऑनलाइन येतं, पण घर अजूनही भोवती जमतंच. ब्राझील निघेल, नाहीतर शेजारचं राज्य. भाषा नवी असेल तर आधी ट्रेनिंग सेंटरमध्ये काही आठवडे ती शिकायची. सगळ्यात मोठं सेंटर युटातल्या प्रोव्होला. एक आमच्याजवळ चॉर्लीलाही आहे, १९९८ मध्ये बांधलेल्या मंदिराच्या आवारात.

त्यांचा आठवडा कॅलेंडरवर रविवारी सुरू होत असेल, पण मनाने तो सोमवारी सुरू होतो. सोमवार म्हणजे 'पी-डे', तयारीचा दिवस. सुट्टी म्हणवत नाही, कारण संध्याकाळी सहाला पुन्हा टाय लावायचा असतो. तोवर कपडे धुणं, आठवड्याचं सामान आणणं, केस कापणं, खोली झाडणं, जमलं तर बास्केटबॉल. पोहायला मात्र जायचं नाही. सिनेमा, टीव्ही, मनाला येईल ते संगीत, हे सगळं दोन वर्षं बंद. प्रेमप्रकरण तर नाहीच. आपल्या आश्रमव्यवस्थेतला ब्रह्मचर्याश्रम पुस्तकात वाचलेला असतो. हा भाड्याच्या फ्लॅटमध्ये, इस्त्रीच्या टेबलाशेजारी चालतो.

सोमवारी घरी फोन. हे ऐकून आईला फार वाईट वाटलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. २०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत मिशनरीला घरच्यांचा आवाज वर्षातून दोनदाच ऐकता यायचा, ख्रिसमसला आणि मदर्स डेला. बाकी सगळं पत्र नाहीतर ई-मेलवर. दोन वर्षांत चार फोन! आजोबा वारले, बहिणीचं लग्न झालं, तरी पोरगा तिकडेच. आता आठवड्याला एकदा बोलता येतं, व्हिडिओवरसुद्धा. आयडाहोचा मुलगा म्हणाला, पहिले दोन महिने फोन ठेवल्यावर तो बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडायचा, जोडीदाराला ऐकू जाऊ नये म्हणून. घराची ओढ लागलेल्या मिशनरीला त्यांच्या बोलीत 'ट्रंकी' म्हणतात. मनाने त्याची ट्रंक भरून झालेली असते. हॉस्टेलवर राहिलेल्या कोणालाही हा शब्द लगेच कळेल.

बाथरूमच का, तर एकटं राहण्याची तेवढीच जागा. मिशनचा सगळ्यात पक्का नियम म्हणजे जोडी. मिशनरी कायम दोघं असतात. एकाने दुसऱ्याच्या नजरेआड, हाकेपलीकडे जायचं नाही. झोपायचं एका खोलीत, वेगळ्या पलंगावर. दुकानात दोघं, दवाखान्यात दोघं. बायबलमध्ये येशूने शिष्यांना दोघादोघांनी पाठवलं, तो याचा धर्मातला आधार. व्यवहारातलं कारण आपल्याला सहज कळतं: परक्या गावात एकटं पोरगं घाबरतं, घसरतं, किंवा त्याच्यावर आळ येतो. दुसरा सोबत असला की तिन्ही गोष्टी अवघड होतात. जोडीदार मात्र आपण निवडायचा नाही. तो वरून ठरतो.

अशाच आणखी एका नियमाने आमच्या घरी एक रुसवा झाला. एकदा मी कामावर, बायको हॉस्पिटलात ड्युटीवर, घरी आई एकटी. पोरं आली. बाहेर मुसळधार पाऊस. आईने दार उघडून हाताने 'या, या' केलं. पोरं हसली, माना हलवल्या आणि तिथेच पायरीवर भिजत उभी राहिली. दोन मिनिटांनी निघून गेली. रात्री आईने मला ऐकवलं, "आपल्या घराला विटाळ होता का त्यांना?" पुढच्या वेळी मी विचारलं तेव्हा कळलं की घरात एकटी बाई असेल, तर मुलांनी आत जायचंच नाही. घरात आणखी एक मोठा पुरुष हवा. सिस्टर मिशनऱ्यांना हाच नियम उलट बाजूने. आई सत्तरीची आहे हे त्यांनाही दिसत होतं, पण ते म्हणाले की नियमाला वय नसतं. आईला हे समजावून सांगितल्यावर ती म्हणाली, "मग बरोबर आहे त्यांचं." आणि रुसवा संपला.

मंगळवारपासून खरा दिनक्रम. साधारण साडेसहाला उठायचं, अर्धा तास व्यायाम, अंघोळ, न्याहारी. मग एकट्याने ग्रंथवाचन, मग दोघांनी मिळून अभ्यास. नवी भाषा असेल तर तिचा वेगळा तास. दहाच्या सुमारास बाहेर पडायचं, रात्री नऊला परत, साडेदहाला दिवा बंद. २०१७ पासून या वेळा देशानुसार थोड्या पुढेमागे करता येतात, पण चौकट तीच. आठवड्यात एकदा आसपासच्या तीन-चार जोड्या एकत्र बसतात, गाणं म्हणतात, अडचणी मांडतात, आणि एकमेकांना 'घरमालक' करून बोलायचा सराव करतात. शिकवायचं काय, याचं 'प्रीच माय गॉस्पेल' नावाचं पुस्तक आहे. २००४ चं, २०२३ मध्ये नव्याने काढलेलं. जुन्या पिढीचे मिशनरी धडे तोंडपाठ करून म्हणायचे. या पुस्तकानंतर समोरच्याला बघून आपल्या शब्दांत बोला, असं सांगितलं जातं.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार यांच्यात बाहेरून फार फरक दिसत नाही. दारं, फुटपाथ, बसस्टॉप, आणि हल्ली फोनवर फेसबुक. मी एकदा विचारलं, की दिवसात किती लोक 'नको' म्हणतात? घानाचा मुलगा म्हणाला, त्याने मोजणं सोडून दिलंय. काही लोक नीट नको म्हणतात, बरेच जण पडद्याआडून बघतात आणि दार उघडत नाहीत. एकाने वरच्या खिडकीतून पाणी ओतलं होतं. आयडाहोच्या मुलाने बोलता बोलता बूट उचलून तळवा दाखवला. टाचेची बाहेरची कड झिजून तिरकी झालेली, पुढे रबर संपून आतलं कापड दिसत होतं. निघताना आईने दोन जोड दिले होते, म्हणाला, हा दुसरा. सोळा महिने झाले होते.

२०२४ चे चर्चचेच आकडे घेतले, तर वर्षभरात जगात सुमारे ३ लाख ८ हजार लोक नव्याने आले. ७४ हजार मिशनऱ्यांत वाटले तर माणशी वर्षाला चार. तेही जगाची सरासरी धरून. पश्चिम युरोपात त्याहून कमी. म्हणजे रोज दहा-अकरा तास, आठवड्याचे सहा दिवस, आणि वर्षाअखेर हाताशी दोन-तीन माणसं, कधी कधी एकही नाही. विक्रेत्याची नोकरी असती तर कधीच सुटली असती. मग हे चालतं कसं? माझं उत्तर असं आहे, आणि ते त्यांना पटेलच असं नाही: मिशनमध्ये सगळ्यात जास्त बदलतो तो मिशनरी स्वतः. अठरा वर्षांचा मुलगा सलग दोन वर्षं रोज पहाटे उठतो, शर्ट इस्त्री करतो, परक्याशी बोलतो, अपमान गिळतो, रात्री हिशेब लिहितो. असा मुलगा परत जातो तो सहसा त्या धर्मात पक्का होऊन. चर्चला एक नवा माणूस मिळो न मिळो, जुना मात्र आयुष्यभरासाठी मिळतो.

यात एक गोष्ट मला मनापासून आवडली. आठवड्यात एकदा दोघं जोडीदार पुढच्या आठवड्याचा आराखडा करतात आणि शेवटी समोरासमोर बसून एकमेकांना सांगतात, तुझं काय चांगलं वाटलं आणि काय खटकलं. तू भांडी ठेवून झोपतोस. मी बोलत असताना तू मध्ये तोडतोस. माझ्या उच्चाराला हसलास, ते लागलं. मग दोघं प्रार्थना करतात आणि विषय संपवतात. एकोणीसाव्या वर्षी मला कोणी हे शिकवलं असतं तर माझा संसार बराच सोपा झाला असता.

शनिवारी कधी बाप्तिस्मा असतो. तो डोक्यावर पाणी शिंपडून होत नाही. पांढरे कपडे घालून पाण्यात पूर्ण बुडावं लागतं. दोन साक्षीदार बघत असतात, केसांचं टोक किंवा पायाचा अंगठा वर राहिला तरी पुन्हा. आमच्या प्रेस्टनमध्ये याला फार जुना इतिहास आहे. अमेरिकेबाहेर समुद्रापार निघालेलं त्यांचं पहिलं मिशन इथेच आलं, १८३७ च्या जुलैत. हीबर किम्बल आणि त्याचे सहकारी. ३० जुलैला रिबल नदीत नऊ जणांचा बाप्तिस्मा झाला आणि काठावर हजारो लोक जमले. पहिला मान कोणाला, यावर धावण्याची शर्यत लागली आणि जॉर्ज वॉट नावाचा तरुण पळत पुढे गेला. मी रोज त्या नदीकाठी फिरायला जातो. पोरं तिथे उभी राहिली की आपण आळंदीला इंद्रायणीकडे बघतो तसं पाण्याकडे बघतात.

आणि इथूनच एक धागा आपल्या पुण्यापर्यंत जातो. इंग्लंडमध्ये हा पंथ रुजला, आणि तिथले लोक पुढे पूर्वेकडे निघाले. १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचा मिशनरी मुंबईत उतरला आणि तिथून पुण्याला गेला. छावणीतल्या इंग्रज सैनिकांमध्ये त्याने काम केलं, लष्करी अधिकाऱ्यांचा विरोध सोसला, एक छोटी शाखाही उभी केली. दोन-तीन वर्षांत ते सगळं विरून गेलं. पुढे फार उशिरा, १९९३ मध्ये बेंगळुरूला आणि २००७ मध्ये दिल्लीला त्यांची मिशन्स सुरू झाली.

धर्मांतराचा विषय आपल्यासाठी हळवा आहे, माझ्यासाठीही. आपलंच चर्च तेवढं खरं, असं मनाशी धरून दारात येणाऱ्याशी माझं पटत नाही. मी ते त्यांना सांगितलं. ते ऐकून घेतात, आणि मग विचारतात, "घरात काही मदत हवी आहे का?" आधी मला हा बोलण्याचा डाव वाटला. पण त्यांच्या आठवड्यात सेवेचे तास खरंच असतात. शेजारच्या म्हातारीचं बागेतलं झुडूप त्यांनी उपटून दिलं, आमचा सोफा वर चढवला, आणि त्या दिवशी धर्माचा शब्दही काढला नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. मुलींना मिशन ऐच्छिक आहे, मुलांना मात्र ते कर्तव्य म्हणून सांगितलं जातं. युटातल्या घट्ट समाजात न गेलेल्या मुलाकडे वेगळ्या नजरेने बघतात. कोणी आजारी पडून, मन खचून मध्येच परतला तर कुजबुज होते, आणि अशा पोरांचं दुखणं वर्षानुवर्षं राहतं. अठराव्या वर्षी 'मला जायचं नाही' म्हणायला जी ताकद लागते, ती जायला लागणाऱ्या ताकदीपेक्षा कमी नाही.

रविवारी दोन तासांची सभा. पावाचा तुकडा आणि वाइनच्या जागी पाण्याचा घोट. दारू, तंबाखू, चहा, कॉफी हे सगळं १८३३ पासूनच्या त्यांच्या आहारनियमात बसत नाही. मूळ वचनात शब्द आहे 'गरम पेयं', त्याचा अर्थ चहा आणि कॉफी असा लावला जातो. हे कळल्यावर आईने साताऱ्याहून आणलेली गवती चहाची पुडी काढली. नावात चहा आहे म्हणून पोरं दचकली. मी म्हटलं, हे गवत आहे, चहाचं पान नाही. त्यांनी पुडीत नाक घातलं, वास घेतला, एकमेकांकडे बघितलं. वनस्पतींचे काढे त्यांना चालतात. आईने आलं आणि गूळ घालून उकळलं, आणि दोघांनी दोन-दोन कप घेतले. महिन्यातल्या एका रविवारी, बहुतेक पहिल्याच, दोन जेवणांचा उपास असतो, आणि वाचलेले पैसे गरिबांसाठी देतात. हे ऐकल्यापासून तर आई त्यांना आपल्यातलीच समजायला लागली.

दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात. कोण कुठे, कोणाबरोबर, हे मिशनचा प्रमुख ठरवतो. तो स्वतः बायकोसह तीन वर्षांसाठी आलेला असतो. एका सोमवारी आमच्या दारात घानाचा मुलगा उभा राहिला आणि शेजारी नवाच चेहरा, कोऱ्या बुटातला. आयडाहोचा दुसऱ्या गावाला गेला होता. आई स्वयंपाकघरातून हातात पळी घेऊन आली. "तो कुठाय?" मी भाषांतर केलं. "तो जेवतो का नीट तिकडे?" याचं भाषांतर करायला मला जरा वेळ लागला.

पुढे आयडाहोच्या मुलाची दोन वर्षं भरली. त्याने कळवलं होतं म्हणून मला तारीख माहीत होती. विमानतळावर घरचे सगळे फलक घेऊन येतात, पण मिशन तिथे संपत नाही. चर्चचा स्थानिक प्रमुख भेटून त्याला रीतसर मोकळं करतो, तेव्हा तो खिशावरची काळी पट्टी काढतो. त्या रात्री, दोन वर्षांत पहिल्यांदा, तो खोलीत एकटा झोपतो. त्याने मला लिहिलं होतं की झोप लागली नाही, शेजारच्या पलंगावर कोणी घोरत नव्हतं म्हणून.